टाकलेल्या पानांचा हिशेब

दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणाला तीन पत्तीच्या डावाला बसलेल्या प्रत्येकाला एक क्षण चांगला ठाऊक असतो. दोघे-तिघे पॅक झालेले असतात, डाव आपण आणि समोरचा एवढ्यावर येऊन ठेपतो आणि समोरचा गृहस्थ काहीही न बोलता एकदम मोठी चाल देतो. आपल्या हातातली पाने बरी असतात. बरी म्हणजे टाकवत नाहीत एवढी बरी. छातीठोकपणे पैसे लावावेत एवढी मात्र नाहीत. भोवतीची मंडळी डिवचत असतात. घरच्या डावात फार तर पाच-पन्नास रुपयांचा आणि काकांच्या टोमण्यांचा प्रश्न असतो, म्हणून आपण 'शो' मागतो आणि मोकळे होतो. हाच क्षण पोकरच्या एखाद्या मोठ्या स्पर्धेत, अगदी शेवटच्या टप्प्यावर येतो तेव्हा त्याचे वजन किती होते, हे पाहण्यासारखे आहे. पत्त्यांशी काही देणेघेणे नसलेल्यांनीही ते पाहावे, कारण गेल्या काही वर्षांत हा खेळ मोबाइलच्या मागच्या दाराने आपल्या घरांतून फिरून गेला आहे आणि त्याच्याविषयी आपण जे बोलतो, त्यातले बरेचसे तो न समजताच बोलतो.

या क्षणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण मे २००३ मधले आहे. स्थळ, अमेरिकेतील लास व्हेगास शहरातील बिनियन कुटुंबाचा 'हॉर्सशू' कॅसिनो. तेथे १९७० पासून 'वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर' ही स्पर्धामालिका भरत असे. त्या वर्षी तिच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू उतरले होते. प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर. शेवटी टेबलावर दोघे उरले. एक सॅमी फरहा, बैरूतमध्ये जन्मलेला, पोकरवरच पोट भरणारा मुरलेला जुगारी, ओठांत न पेटवलेली सिगारेट धरून बसणारा. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस. (आडनाव खरोखरच मनीमेकर! एखाद्या कादंबरीकाराने पात्राला असे नाव दिले असते तर संपादकाने ते खोडून टाकले असते.) या हिशेबनिसाने दहा हजार डॉलर भरलेच नव्हते. इंटरनेटवरच्या ८६ डॉलर शुल्काच्या एका पात्रता फेरीत त्याने ही जागा मिळवली होती. पहिल्याला पंचवीस लाख डॉलर मिळणार होते, दुसऱ्याला तेरा लाख. म्हणजे दोघांच्या मधल्या हिरव्या कापडावर बारा लाख डॉलर पडलेले होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलाच्या मध्ये पाच पाने उघडी पडतात: आधी तीन एकदम, मग एक, शेवटी आणखी एक. ही पाच सर्वांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच सर्वांत भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे असतात. समोरच्याने लावले की आपल्यापुढे तीन वाटा: तेवढेच लावून पुढे जायचे, वाढवायचे, किंवा पाने टाकून द्यायची. पाने टाकली की तोवर लावलेले गेले, पण पुढचे वाचले. स्पर्धेत खरे पैसे नसतात, चिप्स असतात. त्या मोडून पैसे घेता येत नाहीत आणि त्या संपल्या की खेळाडू उठून घरी जातो. ८३९ जणांना प्रत्येकी दहा हजार चिप्स, म्हणजे एकूण ८३ लाख ९० हजार चिप्स त्या रात्री या दोघांपुढे होत्या. मनीमेकरकडे थोड्या जास्त, फरहाकडे थोड्या कमी.

आता तो डाव. फरहाच्या हातात इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. मनीमेकरच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. दोघांनी लाख-लाख चिप्स लावल्या. मध्ये तीन पाने पडली: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फरहाची नव्व्यांची जोडी झाली. मनीमेकरचे काहीच झाले नाही. या टप्प्यावर कोणी काही लावले नाही. चौथे पान इस्पिक अठ्ठी. आता मनीमेकरला आणखी एक इस्पिक आले तर एकाच रंगाची पाच पाने होणार होती. पंजी किंवा दश्शी आली तर ओळीने पाच पाने. म्हणजे आस मोठी, हातात मात्र शून्य. फरहाने तीन लाख लावले. मनीमेकरने ते आठ लाखांवर नेले. फरहाने तेवढे भरले. शेवटचे पान पडले बदाम तिर्री. मनीमेकरच्या साऱ्या आशा तेथे संपल्या. फरहा थांबला, त्याने काही लावले नाही. आणि मनीमेकरने आपल्यापुढच्या सगळ्या चिप्स मध्ये लोटल्या.

पोकरच्या भाषेत याला 'ऑल इन' म्हणतात. मधल्या ढिगात त्या वेळी सुमारे अठरा लाख चिप्स होत्या. फरहाकडे उरल्या होत्या सुमारे अठ्ठावीस-एकोणतीस लाख. 'बघायचे' तर त्या सगळ्या लावाव्या लागणार होत्या.

पुढची काही मिनिटे पोकरच्या इतिहासातली सर्वाधिक पाहिली गेलेली मिनिटे असावीत. फरहा विचार करीत होता, मध्येच मनीमेकरला छेडत होता. तुझा फ्लश हुकलेला दिसतो, असे तो तोंडाने म्हणालासुद्धा. म्हणजे खरे उत्तर त्याच्या जिभेवर आले होते. मनीमेकर दगडासारखा बसून राहिला. आणि फरहाने राणी-नव्वी टाकून दिली. दूरचित्रवाणीवरच्या समालोचकाने या थापेला शतकातली सर्वांत मोठी थाप म्हटले. शतक तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते, पण ते नाव चिकटले ते चिकटलेच.

तेव्हापासून लक्षावधी लोकांनी तो डाव पाहिला आणि बहुतेकांचे मत एकच: फरहा चुकला, भ्याला. या मताशी आमचे भांडण आहे.

गंमत अशी की, त्या प्रक्षेपणात टेबलाच्या कडेला छोटे कॅमेरे बसवलेले होते आणि प्रेक्षकांना दोघांचीही झाकलेली पाने दिसत होती. घरच्या सोफ्यावर बसून, समोरच्याच्या हातात काही नाही हे ठाऊक असताना, 'बघ' म्हणणे सोपे आहे. भारत हरल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नाणेफेकीचा निर्णय सुधारून देणारे आपण सगळे याच जातीचे. फरहापुढे मनीमेकरची पाने नव्हती. त्याच्यापुढे होते काय?

त्याच्यापुढे एक त्रैराशिक होते. अठरा लाखांच्या ढिगात समोरच्याने अठ्ठावीस लाखांची चाल दिली असे धरू. (जास्तीच्या चिप्स हिशेबात येत नाहीत, आपल्याकडे जेवढ्या, तेवढ्याचीच बरोबरी होते.) आपण अठ्ठावीस लावायचे, जिंकलो तर एकूण ढीग चौऱ्याहत्तर लाखांचा. अठ्ठावीस भागिले चौऱ्याहत्तर, म्हणजे शेकडा अडतीसच्या आसपास. याचा अर्थ, समोरचा शंभरात अडतीस वेळा थाप मारीत असेल तर चाल बघणे आणि पाने टाकणे सारखेच. त्याहून जास्त वेळा थाप असेल तर बघावे, कमी असेल तर टाकावे. निम्म्याहून अधिक खात्री लागत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'नक्की माहीत असेल तरच लावीन' म्हणणारा माणूस या खेळात हळूहळू सोलला जातो.

मग प्रश्न उरतो तो अडतीसचा. मधल्या पाच पानांत तीन इस्पिके होती. मनीमेकरच्या दोन्ही पानांत इस्पिक असते, तर फरहा केव्हाच मेला होता. त्याच्याकडे सत्ती आणि दश्शी, किंवा सत्ती आणि पंजी असती, तरी मेला होता. दोन जोड्या किंवा तिहेरी जमली असती तरी तेच. उलट बाजूला, एकच मोठे इस्पिक धरून आशेवर बसलेला आणि हुकलेला माणूस. नेमके तेच खरे होते. फरहाच्या स्वतःच्या हातात इस्पिक राणी होती. म्हणजे समोरच्याकडे असू शकणाऱ्या इस्पिकांत एक कमी, हा छोटासा पुरावा थापेच्या बाजूचा. पण दुसऱ्या पारड्यात माणूस होता. पहिल्यांदाच अशा टेबलावर बसलेला, पगारी नोकरीतला हिशेबनीस, साऱ्या जगापुढे, बारा लाख डॉलर पणाला लागलेले असताना, हातात काहीही नसताना सगळे लोटून देईल का? शंभरात अडतीस वेळा देईल का? आम्हाला विचाराल, तर त्या रात्री फरहाच्या जागी बसून 'नाही' म्हणणे अगदी साहजिक होते. शिवाय आपण जास्त जाणते आहोत, घाई कशाला, यापेक्षा बरी संधी पुढे येईल, हाही विचार कोणत्याही मुरलेल्या खेळाडूच्या मनात येतोच.

या शेवटच्या विचारात मात्र खोट आहे. पुढची संधी ही उधारीची गोष्ट. दोघेच उरलेले असताना आणि डाव-मांडणीची सक्तीची रक्कम दर काही वेळाने वाढत असताना 'पुढे बघू'ला फारशी जागा उरत नाही. झालेही तसेच. थोड्याच वेळात फरहाच्या हातात गुलाम-दश्शी आली. मध्ये गुलाम, पंजी, चव्वी पडली. पुन्हा एकदा त्याची मधल्या पानांतली सर्वांत मोठी जोडी. या वेळी त्याने पाने टाकली नाहीत, सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. मनीमेकरच्या हातात पंजी-चव्वी होती, म्हणजे दोन जोड्या, आणि शेवटचे पानही पंजीच आले. जेथे टाकायला हवे होते तेथे त्याने लावले, असे पुन्हा सोफ्यावरचे पंडित म्हणतात. आमचा तर्क वेगळा आहे. एकदा बऱ्या हातावर माघार घेतलेला माणूस, तसाच हात दुसऱ्यांदा आला की माघार घेऊ शकत नाही. आधीच्या माघारीचा काटा सलत असतो. पानांना मागचे काही आठवत नाही, माणसाला आठवते. या खेळातले निम्मे नुकसान तेथून होते.

फरहाच्या उलट टोकाला एक गोष्ट आहे, तीही सांगायला हवी. स्टू उंगर हा न्यूयॉर्कचा पोरगेलासा माणूस आपल्या रमीच्या चुलत भावंडात, जिन रमीत, एवढा तयार होता की पुढेपुढे त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोणी मिळेना. म्हणून तो पोकरकडे वळला. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा त्याने ही मुख्य स्पर्धा जिंकली. १९९० चा विजेता मन्सूर मतलूबी याच्याशी पुढे त्याचा एक समोरासमोरचा सामना झाला. मध्ये तिर्री, तिर्री, सत्ती, राजा, राणी. मतलूबीने सगळे लावले. उंगरच्या हातात दश्शी आणि नव्वी, म्हणजे जोडीसुद्धा नाही. त्याने समोरच्याकडे पाहिले आणि तुझ्याकडे चव्वी-पंजी किंवा पंजी-छक्की आहे असे सांगून, केवळ दश्शीच्या जोरावर चाल बघितली. मतलूबीने पाने उलटी केली: पंजी आणि चव्वी. 

ही गोष्ट सांगताना लोक उंगरच्या नजरेचे कौतुक करतात, जणू तो पाने आरपार पाहत होता. खरे म्हणजे तो मागचे आठवत होता. कोणत्या पानावर मतलूबीने किती लावले, कोठे थबकला, खरोखर राजा किंवा राणी लागली असती तर त्याने आधी तसे लावले असते का, या साखळीतून एकच कहाणी जुळत होती, हुकलेल्या ओळीची. चेहरा वाचण्याच्या विद्येचा सिनेमांनी फार बोलबाला केला आहे. जाणते खेळाडू चेहऱ्याहून अधिक विश्वास चालींच्या क्रमावर ठेवतात. समोरच्याची कहाणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पटते का, एवढेच ते पाहतात. (आणि हा उंगर नोव्हेंबर १९९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलच्या खोलीत मेला. व्यसनाने तो पोखरला होता. जिंकलेले पैसे कधीच उडून गेले होते. पानांविषयीचा विवेक आणि जगण्यातला विवेक एकाच घरात राहतात असे समजायचे कारण नाही.)

भागावरून संपूर्णाचा अंदाज बांधण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. महाभारताच्या वनपर्वात नळाची कथा आहे. राज्य हरलेल्या युधिष्ठिराला ती बृहदश्व ऋषी सांगतात. तीत ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचे रहस्य ठाऊक आहे, मोजणीतही मी तसाच निपुण आहे. फासे आणि मोजणी ही दोन्ही एकाच श्वासात! पूर्वी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, हे ध्यानात घेतले की ते झाड तेथे उगीच उभे नाही हे कळते. पुढे बृहदश्वांनी युधिष्ठिराला ती विद्या दिली, पण तोवर द्रौपदीला सभेत ओढून आणण्याचा प्रसंग घडून गेला होता.

असो. फरहाचा पेच अवघड असला तरी एका अर्थाने सोपा होता, कारण दोघेच उरले होते. चार-पाच जण उरले असताना, आणि बक्षिसे त्यांतल्या काहींनाच असताना, हिशेब फारच चमत्कारिक होतो. नवखे नेमके येथे बुडतात.

एक साधे उदाहरण घेऊ. चार खेळाडू उरले आहेत, चौघांकडे सारख्या चिप्स. बक्षिसे तीनच: पन्नास लाख, तीस लाख, वीस लाख. चौथ्याला काही नाही. चौघे सारखे असल्याने प्रत्येकाच्या जागेची आजची किंमत शंभर लाखांचा चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस लाख. आता एकाने सगळे लावले. बाकीचे दोघे पाने टाकून मोकळे झाले. तुम्ही बघायचे की टाकायचे?

टाकले तर तुमचे पंचवीस लाख जवळपास शाबूत. बघून हरलात तर चौथे, शून्य. बघून जिंकलात तर तुमच्या चिप्स दुप्पट. पण किंमत दुप्पट होते का? निम्म्या चिप्स तुमच्याकडे आल्या, म्हणून पहिले येण्याची शक्यता निम्मी. दुसरे येण्याची एकतृतीयांश, तिसरे येण्याची एकषष्ठांश. तिन्ही बक्षिसे या प्रमाणात मांडून बेरीज करा: अडतीस लाख तेहतीस हजार. चिप्स दुप्पट झाल्या, पण पंचवीसचे पन्नास झाले नाहीत, अडतीसच झाले. म्हणून ही चाल बघायची तर जिंकण्याची खात्री निम्मी असून भागत नाही. पंचवीस भागिले अडतीस, म्हणजे शेकडा पासष्ट लागते. हातात गुलामांची जोडी असेल आणि समोर एक्का-राजा असेल, तर गुलाम शंभरात साधारण सत्तावन्न वेळा जिंकतात. रोख पैशांच्या डावात ती चाल आनंदाने बघावी. येथे टाकून द्यावी.

आणि मग उरलेला पैसा जातो कोठे? जो हरला त्याचे पंचवीस लाख गेले, जो जिंकला त्याला तेराच मिळाले. बाकीचे जवळजवळ बारा लाख, हात बांधून बसलेल्या त्या दोघांना मिळाले, प्रत्येकी पाच लाख त्र्याऐंशी हजार, कारण एक स्पर्धक कमी झाला आणि त्यांचे तिसरे बक्षीस पक्के झाले. दोघे भांडतात आणि लोणी तिसऱ्याला, हे आपण शाळेत माकड आणि मांजरांच्या गोष्टीत शिकलो. येथे ते अपूर्णांकासकट सिद्ध होते.

हे गणित पोकरवाल्यांचे नाही. अर्धवट थांबलेल्या खेळाचे पैसे खेळाडूंत कसे वाटावेत, या कोड्यावर पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच विद्वानांनी १६५४ मध्ये पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. १९७३ मध्ये हार्व्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याचे सूत्र मांडले. १९८७ मध्ये मेसन मॅलमुथ या पोकरवरच्या लेखकाने ते चिप्सना लावले. वरचे उदाहरण त्याच सूत्राने सोडवले आहे. मनीमेकरनेही, तो स्वतः सांगतो त्याप्रमाणे, अंतिम लढतीआधी फरहाला बक्षिसे वाटून घेऊ असे सुचवले होते. फरहाने मानले नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न तो हाच.

याहून विलक्षण प्रकार पात्रता फेरीत होतो, जीतून मनीमेकर आला तशा. तेथे पहिल्या काही जणांना सारखेच बक्षीस, मोठ्या स्पर्धेची जागा. पहिला येऊन जास्त काही मिळत नाही. समजा जागा तीन, खेळाडू चार. तुमच्याकडे भरपूर चिप्स आणि चौथ्याकडे एका डावापुरत्या. अशा वेळी तुमच्याइतक्याच चिप्सवाल्या दुसऱ्याने सगळे लावले आणि तुमच्या हातात दोन एक्के आले, तर काय करावे? दोन एक्के म्हणजे या खेळातला सर्वांत भारी आरंभ. समोर कोणतीही दोन पाने असोत, शंभरात सरासरी पंच्याऐंशी वेळा जिंकणार. आणि तरी ते टाकावेत, कारण गप्प बसूनच जागा शंभरात पंच्याण्णव-सत्त्याण्णव वेळा मिळणार आहे. एक्क्यांची जोडी टाकणारा माणूस पाहिला की प्रेक्षकांना तो वेडा वाटतो.

आणखी एक गोष्ट डेव्हिड स्क्लान्स्की या लेखकाने पोकरवाल्यांच्या डोक्यात भरवली. सगळे लावणाऱ्याला जिंकण्याच्या दोन वाटा असतात: समोरचा पाने टाकेल, किंवा आपली पाने भारी निघतील. बघणाऱ्याला एकच वाट, पाने भारी निघण्याची. म्हणून ज्या पानांवर आपण स्वतः धाडसाने सगळे लावू, त्याच पानांवर दुसऱ्याने लावलेले बघणे शहाणपणाचे असेलच असे नाही. ऐकायला साधे वाटते, पण टेबलावर माणसाचा अहंकार याच्या नेमका उलटा चालतो. लावायला तो कचरतो, आणि 'मला घाबरवतो काय' म्हणून बघायला मात्र तडक तयार होतो.

आता आपल्याकडे वळू. मनीमेकरच्या विजयानंतर हॉर्सशूतले ते ८३९ खेळाडू पुढच्या वर्षी २,५७६ झाले आणि २००६ मध्ये ८,७७३. छियाऐंशी डॉलरचा हिशेबनीस पंचवीस लाख घेऊन गेला, ही बातमी जगभरच्या नोकरदारांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनोंत पोकरची टेबले लागली. मग स्वस्त डेटा आला आणि पोकर, रमी पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-लातूरच्या मुलांच्या खिशात शिरली. वाद मात्र एकाच मुद्द्यावर अडकून राहिला: हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालय १९६७ मध्येच म्हणून गेले होते. पोकरबाबत उच्च न्यायालयांचीही मते जुळली नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले.

आमच्या मते पोकर कौशल्याचा खेळ आहे. वरचे सारे विवेचन वाचून कोणी त्याला निव्वळ नशीब म्हणू नये. पण ते कौशल्य कशात आहे हे जाहिरातींनी कधी सांगितले नाही. ते मुख्यतः टाकण्यात आहे. चांगला खेळाडू आपल्याला आलेले बहुतेक हात काहीही न लावता टाकून देतो. तासन्‌तास तो काहीच करीत नाही. आणि खेळ चालवणाऱ्याचा धंदा तर नेमका उलटा: रोख डावात प्रत्येक ढिगातून त्याचा हिस्सा कापला जातो, स्पर्धेत प्रत्येक प्रवेशामागे शुल्क. जितके हात, जितक्या स्पर्धा, जितकी घाई, तितकी त्याची कमाई. जेथे हिस्सा सतत कापला जातो, तेथे खेळाडूंची एकत्रित बेरीज नेहमीच उणे असते, मग ते कितीही कुशल असोत. जाहिरातीतला तारा हे कधी म्हणाला नाही.

फरहाला त्या रात्री विचाराला हवा तेवढा वेळ होता. मोबाइलवर मोजके सेकंद मिळत, एकाच वेळी चार टेबले उघडता येत, आणि हरल्यावर पुन्हा प्रवेशाचे बटण त्याच जागी तयार असे. आधीच्या माघारीचा काटा सलणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलापुढे ते बटण ठेवणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी भोगले त्यांना सांगायला नको. त्या घरांत मुलाला प्रश्न विचारला गेला तो 'किती हरलास?' हा. तोही विचारायलाच हवा. पण त्याच्या आधी, तो अजून जिंकत असल्याचे सांगत होता त्या महिन्यांत, 'आज किती हात टाकलेस?' असे कोणी विचारले असते, तर तो खेळतो आहे की नुसता लावतो आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले असते. येथे मात्र चेहरा वाचता येतो.

कायद्याने ती टेबले बंद केली. घरच्या डावाला, दिवाळीच्या चार दिवसांना, त्याचा स्पर्श नाही. तेथे काका आहेत, टोमणे आहेत आणि पाच-पन्नास रुपयांची हद्द आहे. सॅमी फरहाने त्यानंतर २००६ मध्ये आणि २०१० मध्ये त्याच मालिकेतल्या, चार झाकल्या पानांच्या ओमाहा प्रकारच्या दोन स्पर्धा जिंकल्या. पहिली त्याने १९९६ मध्येच जिंकली होती. त्या तिन्ही आज थोड्याच लोकांना आठवतात. राणी-नव्वी सगळ्यांना आठवते.